पूरयादीचा नकाशा कुणालाही उघडत होता. पुसला तर खरंच जाईल का?

सुतारवाड्याजवळची

२०१९ च्या पुरात आमच्या शेजारच्या आजी रात्रभर माळ्यावर बसून होत्या. सकाळी बोट आली तेव्हा कुठं त्या खाली उतरल्या. २०२१ ला पुन्हा तीच तऱ्हा. म्हणून यंदा मे महिन्यात आम्ही चौघीजणींनी घरोघर फिरून यादी केली. कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. ४१ घरं झाली. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की आधी कुणाच्या दारात जायचं हे पटकन दिसावं, एवढाच हेतू. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच मिळून भरलेला खुला नकाशा, त्यावर चालणाऱ्या एका फुकट साधनात खुणा टाकल्या आणि लिंक मंडळाच्या ग्रुपवर दिली. खुणेवर बोट ठेवलं की नाव, मोबाईल नंबर आणि 'एकट्या राहतात' हा शेरा.

काल एका काकूंचा फोन आला. "अगं, इन्व्हर्टर विकायला एकजण आलता. मला नावानं हाक मारली आणि म्हणतोय, तुम्ही एकट्याच असताय न्हवं?" माझे हातपाय गार पडले. तो नकाशा बघूनच आला असं छातीठोक सांगता येत नाही. पण तपासलं तर नकाशा 'सगळ्यांना दिसेल' यावरच होता. ती नावं आता ओपनस्ट्रीटमॅपवर कायमची गेली का?

राजारामपुरीचा नकाशावाला

ताई, आधी नकाशा 'फक्त संपादकांना दिसेल' असा करा, मग पुढचं वाचा.

केला? तुमच्या खुणा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गेलेल्या नाहीत. खालचा नकाशा त्यांचा. वरचा थर तुमचा, तो त्या साधनाच्या सर्व्हरवर असतो. ही नशिबाची गोष्ट म्हणायची, कारण मूळ ओपनस्ट्रीटमॅपवर केलेली प्रत्येक दुरुस्ती तुमच्या खातेनावासकट आणि वेळेसकट सगळ्यांना दिसते. काही पुसलं तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते. म्हणून घरात राहणाऱ्या माणसाचं नाव तिथं कधीच टाकायचं नसतं.

तुमचा थर पुसला जाईल. पण ज्यानं नकाशा उघडला त्याला सगळा डेटा फाईल म्हणून उतरवूनही घेता येतो, आणि ती फाईल परत आणता येत नाही. त्यामुळे तोच नकाशा दुरुस्त करत बसू नका. नवा करा, नवी लिंक चौघींतच ठेवा. ग्रुपला दाखवायचाच असेल तर खूण घरावर न ठेवता गल्लीच्या तोंडाशी ठेवा. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर तीनच आकडे ठेवले तरी जागा साधारण शंभर मीटरपर्यंत धूसर होते.

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

तांत्रिक बाजू यांनी सांगितली. मी दुसरं विचारते. माहिती घेताना त्या ४१ घरांना तुम्ही काय सांगितलं होतं? वस्तीत फिरताना आमची नोंदवही पिशवीतच असायची, शेजारणीनं मागितली तरी उघडायची नाही. माणूस आजारपण सांगतो ते समोरच्या बाईला, गल्लीला नव्हे. आता प्रत्येक दारात जाऊन झालेलं सांगा. फोनवर नको. आणि नव्या नकाशावर फक्त घराचा क्रमांक टाका, नाव आणि आजार वहीत.

सुतारवाड्याजवळची

जुना नकाशा काढला, ग्रुपवरची लिंकही काढली. नव्यावर नुसते १ ते ४१ आकडे आहेत, वही दोघींकडे. आज ११ घरी जाऊन आले. दोघांनी नाव काढायला सांगितलं, लगेच काढलं. काकूंनी मात्र ठेवायला लावलं. "पाणी आल्यावर तू येशील न्हवं?" एवढंच विचारलं. उद्या कुंभार गल्लीकडची घरं.