टोकियोत चार दिवस, सोबत साबा (सासूबाई): क्योटो गाळावं का? मुक्काम कुठे?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं टोकियोतलं ऑफिसचं काम नोव्हेंबरात शुक्रवारी संपतंय. त्याला जोडून मी आणि साबा तिथे पोचतोय. मोकळे दिवस शनिवार २१ ते मंगळवार २४. जपान तिघांनाही नवं. तिकिटं झालीत, ई-व्हिसाचं काम चालू आहे.

पहिला वाद क्योटोचा. नवरा म्हणतो, एवढं लांब जाऊन क्योटो नाही म्हणजे काय! शिंकान्सेनला (बुलेट ट्रेन) एका बाजूने सव्वादोन तास आणि जाऊन-येऊन माणशी साधारण २८,००० येन. रेल पास घ्यावा तर सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्येच ५०,००० येनवर गेला, तो आम्हाला अंगावरच पडेल. त्यात नोव्हेंबरअखेर सूर्य साडेचार-पावणेपाचलाच मावळतो. माझ्या मनाने मी क्योटोवर काट मारली आहे. कुणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा, नवराही वाचणार आहे.

मुक्कामासाठी सगळे शिंजुकू सुचवतात. पण त्या स्टेशनला दोनशेच्या वर दरवाजे, आणि साबांचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात. लिफ्ट असतात, पण नेमक्या कुठल्या दरवाजाला ते शोधत फिरायचं. म्हणून मला उएनो बरं वाटतंय: नारिता विमानतळाहून स्कायलायनर गाडी थेट येते, बाग आणि संग्रहालयं जवळ, आणि मेट्रोच्या गिंझा लाइनने एकीकडे असाकुसा, दुसरीकडे शिबुया, गाडी न बदलता. उएनोत राहिलेल्यांनी सांगा, रात्री स्टेशनपासून हॉटेलपर्यंत चालायला परिसर कसा आहे?

सोमवारी २३ तारखेला तिथे सुट्टी आहे, म्हणजे शनिवारपासून सलग तीन दिवस सगळा गाव रस्त्यावर. एरवी सोमवारी बंद असणारं राष्ट्रीय संग्रहालय त्यामुळे सोमवारी उघडं आणि मंगळवारी बंद. म्हणून कामाकुराचा मोठा बुद्धपुतळा मंगळवारी ठेवलाय. टोकियो स्टेशनहून तासाभराचा प्रवास आहे. तिथली ती छोटी लोकल, एनोदेन, तिच्यात मंगळवारी तरी बसायला मिळेल का, की साबांना घेऊन स्टेशनहून टॅक्सीच करावी?

साबांनी स्वतःहून एकच जागा मागितली आहे: रेन्कोजी हे बौद्ध मंदिर, जिथे नेताजींच्या अस्थी ठेवल्याचं मानतात. हिगाशी-कोएंजीला उतरून चालत जाता येतं. आतला गाभारा एरवी बंद असतो म्हणे, पण अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे. तिथे अलीकडे गेलेलं कुणी आहे का?

आता खरी अडचण, जेवण. साबा मासे तर सोडाच, माशाचा अर्कही खात नाहीत, आणि मिसो सूपपासून सोबा नूडल्सच्या रसापर्यंत बहुतेक ठिकाणी दाशी (अर्काचं पाणी) असते, ती बोनिटो माशाची. टोकियोतल्या निशी-कासाई भागात आपली बरीच माणसं राहतात आणि भारतीय हॉटेलंही आहेत, पण उएनोहून निहोनबाशीला गाडी बदलून रोज दोन वेळा तिकडे कोण जाणार? ठेपले, मेतकूट नेतेच आहे. एक वेळचं गरम जेवण असाकुसा-उएनो भागात कुठे मिळेल? शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, देणारी जागा माहीत असेल तर आधी बुकिंग लागतं का तेही लिहा. आणि कोन्बिनीतली (छोटी किराणा दुकानं) उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, साबांना चालेल का? नक्की माहीत असलेल्यांनीच सांगा प्लीज, ‘चालत असावी’वर त्या विश्वास ठेवणार नाहीत.