दिवाळीला भारतातून घरचे आले होते तेव्हा... तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
परवा गराज आवरताना एका खोक्यात पितळी सोऱ्या सापडला आणि २०२४ ची दिवाळी आठवली. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. तोवर आमची दिवाळी म्हणजे सोयीच्या शनिवारी मंडळाचा कार्यक्रम, ओक ट्री रोडवरून आणलेला फराळ आणि बॅटरीच्या पणत्या. त्या वर्षी सासूबाई-सासरे आले ते भाजणी, उटणं, मोती साबण आणि कालनिर्णय घेऊनच. कालनिर्णय भिंतीवर लागलं आणि शनिवारची दिवाळी बंद!

नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनलाच. पहाटे पाचला सगळ्यांना उठवलं. टबात पाट मावेना, मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून लेकाला तेल-उटणं. तसाच उटण्याच्या वासाचा तो शाळेच्या परेडला गेला. संध्याकाळी दारावर पोरांची रीघ. सासूबाईंनी दार उघडलं तर समोर शिंगं लावलेला, तोंड लालभडक रंगवलेला एक मुलगा. त्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, हा बघा परत आला. सकाळी मारला तरी."

मग त्याच्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली. बेसनाचे लाडूही द्यायचे होते, पण घरी केलेलं इथले आईबाप घेऊ देत नाहीत म्हणून आम्ही अडवलं. "माझ्या लाडवात काय विष आहे?" हे पुढे चार दिवस ऐकलं. तुमच्याकडे काय काय झालं?

चकलीचा काटा
"सकाळी मारला तरी" हाहाहा. मीटिंगमध्ये वाचत होते, म्यूटवर होते म्हणून नोकरी वाचली.

फोवकार
नरकासुराचं नाव काढलंत आणि गोवा आठवला. आमच्याकडे पोरं रात्रभर नरकासूर मिरवतात आणि पहाटे जाळतात. आम्ही इंग्लंडात, स्विंडनला. आईबाबा आले तेव्हा आईला कारीट हवं होतं, तुळशीपाशी अंगठ्याने फोडायला. अख्खं सुपरमार्केट पालथं घालून तिने ब्रसेल्स स्प्राउट निवडला. "कडू आहे ना? मग झालं." तो फुटतोय कसला! बाबांनी "गोविंदा गोविंदा" म्हणत टाच मारली तर सटकून सोफ्याखाली.
फोव (म्हणजे पोहे) मात्र पाच तऱ्हेचे. दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले, तिखशे. खाली एक कॅथलिक अंकल राहतात, साष्टीचे. आई त्यांना डबा द्यायला गेली ती दोन तासांनी आली. दोघांचं माशांच्या भावावरून जमलं होतं.

अक्कलकाढा
ब्रसेल्स स्प्राउट!! आम्ही द्राक्ष फोडतो. बिनबियांचं.

सिडनीकर आत्या
आमच्या आईने विमानातल्या कार्डावर सगळ्या खाण्यापुढे "होय" केलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने खव्याची बर्फी आणि तुळशीचं बी काढून घेतलं. चकल्या-शंकरपाळे सुटले. आईला वाईट कशाचं, तर "तो एवढा गोड बोलत होता, त्याला एक चकली द्यायची राहिली."
लक्ष्मीपूजनाची तर गंमतच. इथे तेव्हा वसंत, घड्याळंही तासभर पुढे, सूर्य मावळतो साडेसातच्या सुमारास. बाबा साडेपाचलाच सोवळं नेसून तयार, बाहेर लख्ख ऊन, शेजारी गवत कापतोय. शेवटी पुण्याला गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, तुमचा सूर्यास्त धरा. तोवर बाबांची भूक आणि पारा दोन्ही चढलेले.

मुक्ता_ह्यूस्टन
स्मोक अलार्म कुणाचा नाही वाजला का? आमचे सासरे चकल्या होईपर्यंत वर्तमानपत्राने त्याला वारा घालत उभे. अनारशांना टेबल फॅन लावला.

बारीकसारीक
२०२४ च्याच भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, इथली, अमेरिकेतली, घड्याळं एक तास मागे गेली. दादा आला होता आमच्याकडे. सांगलीच्या चुलतबहिणी व्हिडिओवर ओवाळणार होत्या. ठरलं होतं इथले साडेदहा, फोन आला साडेनऊला. दादाच्या तोंडात टूथपेस्टचा फेस. तिकडे निरांजन पेटलेलं, काकू म्हणे आता विझवायचं नाही. तसंच ओवाळलं. ओवाळणी मात्र त्यांनी चोख वसूल केली, ती पण डॉलरचा भाव बघून.

चकलीचा काटा
फोवकार, स्विंडनला फटाके वाजवू देतात का हो? जर्मनीत आमच्याकडे ३१ डिसेंबरशिवाय कुणी हातच लावत नाही.

फोवकार
देतात की. दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत कायद्यानेच मुभा आहे. बाबांना पटेना. नऊ वाजताच त्यांनी पडदे ओढले, "परक्या देशात कशाला बोभाटा."

नीरजा_७
आमचं तिकीट काढलेलं होतं आईचं. व्हिसा आला, आणि त्याच आठवड्यात ती पडली. मग आलीच नाही. तुम्ही सगळे लिहा हो, वाचायला छान वाटतंय.

रानजाई
नीरजा, अगं... विपू (विचारपूस) बघ तुझी, निरोप ठेवलाय.

सिडनीकर आत्या
नीरजा, आईला पुढच्या वर्षी व्हीलचेअर असिस्टन्स सांगून आण. माझी आई तशीच येते आणि तिला ती सरबराई भलतीच आवडते.

मुक्ता_ह्यूस्टन
रानजाई, सासूबाईंच्या भाजणीचं प्रमाण दे ना.

रानजाई
४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, धने-जिरे. धुऊन, वाळवून मंद आचेवर भाजायचं. इथे ऑक्टोबरात ऊन कसलं, त्यांनी चादर पसरून हीटरच्या झरोक्यापाशी वाळवलं. दोन दिवस कुणी त्या खोलीत जायचं नाही!

अक्कलकाढा
पोहे नाही घालत? आमची आजी वाटीभर घालायची, त्याशिवाय खुसखुशीत होत नाहीत म्हणे.

रानजाई
पोह्यांचं नाव जरी काढलं तर सासूबाई भारतातून फोन करतील.

बारीकसारीक
मी साबुदाणापण घालते. पळा आता.