आत गेलेला कर्णा: मागची फळी बघा

‘जुन्या ग्रामोफोनचा बाहेरचा कर्णा काढून आत बसवलेली मशीन म्हणजे बनावट माल’ असं काही जण म्हणतात, ते मत मला पटलं नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने आतल्या कर्ण्याचा ‘व्हिक्ट्रोला’ ग्रामोफोन काढला आणि कर्णा पेटीत लपवायची टूमच निघाली. तेव्हा कुणी चालू मशीन टाकून न देता सुताराकडून बदलून घेतली असेल, तर ती बनावट कशी? खरी भोंदूगिरी उलटी असते: उचलून न्यायच्या साध्या पोर्टेबल ग्रामोफोनवर चकचकीत पितळी कर्णा ठोकून विकायची.

माझी पेटी सांगलीत भंगारात मिळाली. दोन वर्षं मी ती मूळचीच आतल्या कर्ण्याची समजत होतो. मिरजेत सतारी करणाऱ्या ओळखीच्या कारागिराने मागच्या फळीवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “हितं बुचं मारल्यात की.” पॉलिश खरवडलं तर बाहेरच्या कर्ण्याच्या ब्रॅकेटच्या स्क्रूची तीन भोकं, लाकडाने बुजवलेली, बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या. पुढच्या जाळीची चौकट आतून बघितली, तिथे करवतीच्या ओबडधोबड खुणा. तबकडी फिरवणाऱ्या मोटारीला जागा ठेवायची म्हणून कर्णा आखूड केलाय, त्यामुळे खर्ज पार बसलाय. तरी विकणार नाही.