अधिभार लावा, पण तो फलकांवर उधळू नका

पाणीपट्टीवर वापरलेल्या पाण्याच्या युनिटमागे अधिभार लावून त्यातून पाणीबचतीच्या जाहिराती कराव्यात, अशी एक सूचना आहे. अडचण अशी की लोकांनी खरंच पाणी वाचवलं की युनिट घटतात आणि ऐन टंचाईत तोच निधी आटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहराने दुष्काळात, 2018 मध्ये माणशी रोजची मर्यादा 50 लिटरवर आणली, तेव्हा वापराबरोबर पाण्याचं उत्पन्नही घसरलं. म्हणून निधीचा मूळ भाग नळजोडणीच्या व्यासानुसार ठरणाऱ्या स्थिर शुल्कातून यावा. वापराच्या टप्प्यांनुसार चढत जाणारा दर फक्त जास्त वापरणाऱ्यांसाठी ठेवा.

खर्च करताना आधी घरातले नळ आणि गळती, मग जाहिरातींचे फलक. नळाचे एरेटर (तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळून प्रवाह कमी करणारी जाळी) नुसते वाटले तर बरेच कपाटात पडून राहतात, कारण आटे जुळत नाहीत. काही नळांना आतले आटे असतात, काहींना बाहेरचे. प्लंबरने दोन्ही प्रकार घेऊन घरी जावं आणि स्वतः बसवून द्यावेत. मिनिटाला 12-15 लिटर सोडणारा नळ मग 6 लिटरवर येतो. पाणी जड असेल तर जाळीवर क्षार धरतात, धार तिरकी फुटते आणि वैतागून लोक एरेटर काढून टाकतात. दर दोन-तीन महिन्यांनी जाळी व्हिनेगरमध्ये भिजवायला तिथेच शिकवा.

त्याच फेरीत फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून, फ्लश न करता 15-20 मिनिटं थांबायचं. भांड्यात रंग उतरला की तळाचं रबर गेलं म्हणून समजा. ते जागच्या जागी बदला. या वस्तूंसाठीचं अनुदान मात्र खरेदीच्या पावतीवर नको, बसवल्याची तपासणी झाल्यावरच द्या.