अनुभव धागा : विमानातून उतरलात, मग कोणती रेल्वे धरली?

भाचा पुढच्या महिन्यात परदेशातून मुंबईला उतरतोय. सांगलीला कसं यायचं यावर घरात रोज बैठक! आपल्या सातारा-सांगलीची माणसं कुठं कुठं पोचलीत. विमानतळावरून शहरात जायला दोन-तीन रेल्वेमार्ग असताना तुम्ही कोणता धरलात आणि का, ते लिहा. टॅक्सीवाल्यांनीही लिहा, पण थोडक्यात.

कृष्णाकाठ (सांगली)
मुंबईचंच सांगतो. टर्मिनल दोनवरून महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठायची म्हणजे पूर्वी अंधेरी नाहीतर घाटकोपर, तिथून लोकल, तीही संध्याकाळच्या गर्दीत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे विमानतळावर बसलं की थेट सीएसएमटी. मध्ये दादर लागतं आणि महालक्ष्मी दादरलाही थांबते, म्हणून तिथं उतरायचा मोह होतो. उतरू नका. मेट्रोचं दादर पश्चिमेला, आपली गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर. बॅगा घेऊन पूल चढायचा, आणि गाडी थांबणार घटकाभर. सीएसएमटीला ती फलाटावर लागलेली असते. बॅगा सीटखाली सारायच्या, वडापाव खायचा. सकाळी सांगली.

माहुलीकर
हे सांगलीकरांना ठीक. साताऱ्याला महालक्ष्मी पोचते अपरात्री, आणि आमचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला. त्या वेळी रिक्षावाला म्हणेल तो भाव! म्हणून मी शक्यतो पुण्याचं विमान बघतो. तिथं विमानतळात मेट्रो नाही, रिक्षानं रामवाडी गाठायची. पुढं दोन वाटा. एक, त्याच मेट्रोनं सरळ पुणे स्टेशन आणि तिथून रेल्वे. दुसरी, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट. पहिलीत मेट्रो बदलावी लागत नाही, म्हणून सगळे तीच सुचवतात. पण साताऱ्याला येणाऱ्या रेल्वेगाड्या मोजक्या; एक चुकली की बसा. स्वारगेटला एसटीमागं एसटी. सिव्हिल कोर्टला रामवाडीची मेट्रो उंचावर आणि स्वारगेटची जमिनीखाली, त्यामुळे उतरावं बरंच लागतं. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. शिवाय एसटी गावात, स्टँडवर सोडते.

विट्याचा गलाईवाला
चेन्नई. आमची दुकानं सावकारपेठेत. विमानतळावरून मेट्रो आहेच, सेंट्रलला किंवा पुढं मण्णडीला उतरायचं. नवी पोरं तीच धरतात, गारगार बसून जातात. मी रस्ता ओलांडून तिरुसुलमची लोकल धरतो. तिकीट चहाच्या पैशात, आणि वाटेत मांबलमला उतरून पाहुण्यांकडं डोकावता येतं. पैशाची पिशवी बरोबर असली तर मात्र मेट्रोच, तिथं वाद नाही.

मिरजेच्या काकू
मुलगा लंडनला, हॅरोत. हीथ्रोवरून एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण महाग, आणि पॅडिंग्टनला आमचं काय काम? पिकॅडिली लाइन स्वस्त, पण किती ठिकाणी थांबते! मुलानं सांगितलं, एलिझाबेथ लाइननं फॅरिंग्डनला या, तिथून मेट्रोपॉलिटन लाइननं हॅरो. नकाशा बघून हे म्हणाले, "अगं, हा आपल्याला पार शहरात नेऊन परत मागं आणतोय." खरंच होतं ते. पण एलिझाबेथ लाइन २०२२ सालची, नवी कोरी; डबे मोठे, आणि फॅरिंग्डनला लिफ्ट. ह्यांचे गुडघे, माझ्याकडं भडंग आणि वर्षाच्या हळदीची बॅग. लांबून गेलो, पण एक पायरी चढावी लागली नाही. एकट्या तरुण माणसानं खुशाल पिकॅडिलीनं जावं.

सहा_बॅगा
दिल्ली. चार माणसं, सहा बॅगा. टॅक्सी.

फौजी, अपशिंगे
दिल्लीत आधी तिकिटावर टर्मिनल बघा. मला कँटोन्मेंटला जायचं असतं. टर्मिनल एकला उतरलो तर मजेंटा लाइन, सदर बाजार कँटोन्मेंट पुढचंच स्टेशन. टर्मिनल तीनला एअरपोर्ट एक्स्प्रेस मिळते. ती भारी आहे, पण नवी दिल्लीपर्यंत बसून राहायचं नाही, धौला कुआँला उतरून रिक्षा करायची. सहा_बॅगा दादा, तुमचं बरोबर आहे. माझी एकच ट्रंक असते.