जर्मनीत बुंडेसलिगाचा सामना मैदानात बघायचाय: तिकीट, स्टँड, बाकी काय सांभाळायचं?

राइनकाठी: कामानिमित्त कोलोनला राहतो. बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचा, एखादा सामना मैदानात जाऊन बघायचाय. क्लबच्या साइटवर तिकिटं कायम संपलेली, दुसऱ्या एका साइटवर तीच तिप्पट भावात. घ्यावीत का? उभं राहून बघायच्या स्टँडचं घ्यावं की बसायचं? ऑफिसची लॅपटॉपची सॅक घेऊन थेट गेलं तर चालेल? जर्मन कामापुरती येते.

जुना_तिकीटवाला: तिप्पट भावाच्या नादी लागू नका. चढ्या भावाने विकलेलं तिकीट बाद करायचा हक्क बहुतेक क्लब आपल्या अटींत राखून ठेवतात. बारकोड बंद केला की तुम्ही फाटकाबाहेर, आणि पैसे मागायला समोर कुणी नाही.

तिकिटं संपलेली दिसतात कारण विक्री टप्प्याटप्प्याने होते. आधी सीझन तिकीटवाले (अख्ख्या मोसमाचं तिकीट असलेले), मग क्लबचे सभासद, त्यातून उरलं तर खुली विक्री. मोठ्या क्लबांत उरत नाही. मग दोन वाटा राहतात. एक म्हणजे सभासद व्हायचं. परदेशी नागरिकाला आडकाठी नसते, मात्र सभासदत्व दरवर्षी आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा रद्द करायची मुदत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. दुसरी वाट जास्त कामाची: क्लबचं स्वतःचं पुनर्विक्रीचं पान, म्हणजे 'त्स्वाइटमार्क्ट'. ज्या सीझन तिकीटवाल्याला यायला जमत नाही तो आपली जागा तेवढ्या सामन्यापुरती तिथे विकायला ठेवतो. सामन्याच्या आधीचे दोन-तीन दिवस पान उघडून बसा. खातं आणि पैसे भरायची सोय आधीच तयार हवी, कारण जागा दिसली की मिनिटभरात जाते. एकट्याला जमून जातं, चौघांना शेजारी शेजारी मिळणं कठीण.

सवलतीचं तिकीट हाती आलं तर नीट बघा. विद्यार्थ्याच्या तिकिटावर नोकरदार माणूस आत जाऊ शकत नाही. फाटकाबाहेरच्या खिडकीवर फरकाचे पैसे भरून तिकीट पूर्ण दराचं करून घ्यावं लागतं. रांग तिथेही असतेच.

वेळापत्रक_बघा: तारखेची एक गोम सांगायची राहिली. मोसमाचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं तेव्हा बहुतेक फेऱ्यांचा फक्त आठवडाअखेर (शुक्रवार ते रविवार) कळतो. सामना शुक्रवारी रात्री 20:30 ला, शनिवारी 15:30 ला की रविवारी, हे काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने ठरतं. त्याआधी रेल्वेचं बदलता न येणारं स्वस्त तिकीट काढणारे हमखास फसतात.

पुष्कळ क्लबांच्या तिकिटात त्या दिवसाचा ट्राम-लोकलचा प्रवास धरलेला असतो, सगळ्यांच्या नाही. कुठल्या हद्दीत आणि किती वाजल्यापासून, ते तिकिटावरच छापलेलं असतं. लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीला ते चालत नाही.

दक्षिण_स्टँड: उभ्याचं की बसायचं? सामना बघायचा असेल तर बसायचं, वातावरण हवं असेल तर उभ्याचं. उभ्याचं साधारण 15 ते 20 युरोत पडतं. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर जवळपास 25,000 माणसं उभी राहतात. बर्लिनच्या उनियोन क्लबच्या मैदानात तर 22,012 पैकी खुर्च्या जेमतेम 3,617.

उभ्याच्या तिकिटावर ब्लॉक असतो, जागेचा नंबर नसतो. आधी येईल त्याची पायरी. फाटकं दीड-दोन तास आधी उघडतात, तेव्हाच पोचा. गोलमागच्या मधल्या, खालच्या पायऱ्या टाळा. तिथे उल्ट्रा मंडळी, म्हणजे क्लबचे कट्टर संघटित चाहते असतात, त्यांचे मोठे झेंडे सामनाभर डोळ्यांसमोर फिरतात, पलीकडचा गोल झाला तरी कळत नाही. त्याच ब्लॉकच्या कडेला, थोडं वर उभं राहिलं की गाणीही ऐकू येतात आणि चेंडूही दिसतो. पुढे उभा राहून घोषणा-गाणी सुरू करणारा मेगाफोनवाला सांगेल तेव्हा टाळ्या वाजवा, बाकी सोडून द्या. सुरुवातीला पायरीवर रंगीत कागद ठेवलेला दिसला तर तो सूचनेप्रमाणे डोक्यावर धरायचा, सगळ्यांचे मिळून स्टँडभर एक चित्र होतं. त्याच वेळी मोबाइल काढून चित्रीकरण करणाऱ्याकडे आजूबाजूचे ज्या नजरेने बघतात ती सुखाची नसते.

पाहुण्या संघाचा मफलर यजमानांच्या उभ्या ब्लॉकमध्ये घालू नका, सुरक्षारक्षक काढायला लावतात किंवा परत पाठवतात. अर्धा-अर्धा, दोन्ही संघांचा मफलर तर कुणालाच आवडत नाही.

फाटकावरचा: सॅक नाही. बऱ्याच मैदानांत ए4 कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, लॅपटॉपचा प्रश्नच मिटला. बाहेर ठेवायची सोय असते, पण सामना संपल्यावर तिथेही तिष्ठायचं. छत्री आणि बाटली घरी ठेवा, पावसासाठी टोपीचं जॅकेट.

आत बिअर घेतलीत तर ग्लासची अनामत वेगळी, साधारण दोन युरो. रिकामा ग्लास काउंटरवर दिला की परत. चाहत्यांत हाणामारीच्या भीतीने धोक्याचा मानलेला सामना असेल तर कधी कधी बिनअल्कोहोलचीच मिळते.

राइनकाठी: म्हणजे एकट्यासाठी पुनर्विक्रीचं पान, ब्लॉकची कड, सॅक घरी. जवळचं कुठलं मैदान सोपं पडेल?

खालची_लीग: कोलोनच्या मैदानाला 1 नंबरची ट्राम थेट जाते, फक्त शेवटच्या तासात तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या लेव्हरकुझेन शहराचं मैदान 30,210 प्रेक्षकांचं, आटोपशीर. जवळच्याच ग्लाडबाख शहरात स्टेशनपासून बस पकडावी लागते आणि परतीची रांग लांबलचक. मला विचाराल तर सुरुवात बुंडेसलिगाने करूच नका. फोर्टुना किंवा व्हिक्टोरिया कोलोन या खालच्या लीगमधल्या कोलोनच्याच क्लबांचा सामना बघा. एरवी तिथे त्याच दिवशी खिडकीवर तिकीट मिळतं आणि मैदान इतकं जवळ असतं की गोलकीपरच्या शिव्याही ऐकू येतात. महिलांची बुंडेसलिगाही आहे, 2025-26 पासून 14 संघांची, तिकीट सहज मिळतं. फक्त मोठा प्रतिस्पर्धी असला तर इथेही आधीच काढा.