उज्जाची चूक हात लावण्याआधीची

देवाच्या सेवेत हेतू शुद्ध असला की पद्धत कशीही चालते, आज्ञापालन म्हणजे कोरडेपणा, असं काही जण म्हणतात. मग बायबलमधल्या उज्जाचं काय? कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, बैलगाडीतून नेताना बैल अडखळले, त्याने तो सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. हेतू वाईट नव्हताच. (खुद्द कोश आणवणारा राजा दावीदही आधी चिडला, मग घाबरला.) पण कोश गाडीवर चढवला तेव्हाच आज्ञा मोडली होती. तो कहाथी लेवीयांनी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातल्या एका घराण्याने) दांड्यांनी खांद्यावर वाहायचा होता. गाडीची रीत पलिष्ट्यांची, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंची. तीन महिन्यांनी दावीदाने तो नियमाप्रमाणे आणला, आणि त्याच मिरवणुकीत बेभान नाचलाही. त्यामुळे आज्ञापालन म्हणजे कोरडेपणा, हे मला पटत नाही.